आरशातलीचं माहेरपण

सातव्या महिन्यात माझं प्रतिबिंब मला न विचारता माहेरी निघून गेलं.

तसं त्यात चुकीचं काही नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्याकडे रीत आहे. मी नाशिकलाच राहायचं ठरवलं होतं, तेव्हा ती रीत कुणीतरी पाळायला हवीच होती. फक्त जाताना सांगून जावं, एवढंच माझं म्हणणं. सकाळी भांग पाडायला मी बाथरूमच्या आरशावरचा टॉवेल बाजूला केला, तर आरशात मागच्या फरश्या दिसत होत्या, गिझर दिसत होता, खुंटीवरचा तुषारचा शर्ट दिसत होता. माझ्या जागी कुणी नव्हतं.

तुषार माझा नवरा. ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो, त्यामुळे कशानंही एकदम दचकत नाही. त्यानं आरशात पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत आरशात.

"कालपर्यंत होती?"

"मला काय माहीत? टॉवेल होता ना."

टॉवेलचं सांगायला हवं. पाचव्या महिन्यापासून मी आरशावर टॉवेल टाकून ठेवत असे. गालांवर वांग आले होते, मान काळवंडली होती, पोटावर रेघा उमटल्या होत्या आणि घोटे कुठे गेले ते कळत नव्हतं. मी महानगरपालिकेच्या घरपट्टी विभागात काम करते. वाढीव बांधकाम मोजायला जाणं हे माझं नेहमीचं काम आहे, पण ते दुसऱ्याच्या घराचं. स्वतःचं वाढीव बांधकाम रोज सकाळी दात घासताना बघावं लागलं की माणूस टॉवेल टाकतो. त्यात शेजारच्या टेबलावरच्या कानडे मॅडम एकदा म्हणाल्या, "तेज गेलं गं तुझं सगळं. मुलगी असणार बघ. मुलगी आईचं रूप घेते." त्या हे मायेनंच म्हणाल्या. सोबत कैरीचं लोणचंही आणलं होतं.

ऑफिसला निघायच्या आत आईचा संगमनेरहून फोन आला.

"पोचली गं ती. काळजी करू नको."

"कोण?"

"कोण म्हणजे? तुझी आरशातली. साडी काढायला कपाटापाशी गेले, तर कपाटाच्या आरशात उभी, पिशवी घेऊन. पाय किती सुजलेत तिचे, हेमा. तिकडं बघत नाही का कुणी तिच्याकडं?"

मी म्हटलं, बघतात. खोटं बोलताना आरसा समोर नसला की सोपं जातं.

"राहू दे आता इथं," आई म्हणाली. "मी करते तिचं सगळं. तुला न्यायची असेल तर मात्र नववा लागायच्या आत ये. नववा लागला की माहेरवाशिणीला हलवत नाहीत."

"आणि नाही नेली तर?"

 

"तर राहते," ती म्हणाली.

पहिले काही दिवस मला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं. टॉवेल धुऊन घडी करून ठेवला. लिफ्टच्या काचेत बघायची भीती नाही, दुकानाच्या दारात दिसायची भीती नाही. सकाळी तुषार समोर उभा राहून सांगायचा, टिकली डावीकडे सरकली आहे, पदर मागून उचलला गेलाय. या बाबतीत तो चोख होता. मी विचारलं, "आणि एकूण कशी दिसते?" की मात्र म्हणायचा, "छान." आता छान हा काही तपशील नाही. घराची तपासणी करून मी कागदावर नुसतं 'छान' असं लिहून आणलं, तर साहेब मला घरी पाठवतील.

मग आठव्या महिन्यात एक दिवस ऑफिसातून आल्यावर मी खुर्चीत बसले होते. पाय ठणकत होते. पोटातून एक लाथ आली, जोरात, बरगडीखाली. आणि मी पोटाकडे बघून म्हणाले, "एवढं सगळं माझं घेतलंस, अजून काय पाहिजे?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तरी ते बोलणं माझं नव्हतं. ते आईचं होतं, अगदी सुरासकट.

माझ्या लहानपणी आई पाहुण्यांना पोहे देताना सहज सांगायची, "हिच्या वेळी माझं रूप गेलं ते गेलंच. हीच घेऊन आली." पाहुणे हसायचे, आई हसायची. रागानं कधी बोलली नाही, माझे लाड काही कमी केले नाहीत. पण मी ते वाक्य ऐकत मोठी झाले. सात वर्षांची असताना मी माझी पावडरची डबी तिला नेऊन दिली होती, ठेव तुला म्हणून. दुसरं काय परत द्यायचं ते मला कळत नव्हतं. बाळंतपण नाशिकला करायचं मी ठरवलं, त्याला डॉक्टर जवळ आहेत, रजा वाचते अशी कारणं मी सगळ्यांना सांगितली होती. ती खरी होती. पण मला त्या घरात, माझ्या बाळाच्या कानावर ते वाक्य पडू द्यायचं नव्हतं. आणि ते पहिल्यांदा बोललं कोण, तर मीच.

रडले मी. तुषार आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग तिला घेऊन यायला हवं."

"ती आल्यानं काय होईल?"

"ज्या बाईला स्वतःचं रूप दिसत नाही, ती काय काय गेलं याचा अंदाजच करत बसते," तो म्हणाला. "समोर दिसलं तर निदान मोजता येईल." गणिताच्या माणसाचं बोलणं असंच असतं, पण मला ते पटलं.

रविवारी त्यानं मला गाडीनं संगमनेरला सोडलं. कॉलेजात परीक्षा चालू होत्या, म्हणून चहा पिऊन तो परत गेला. अण्णा, म्हणजे माझे वडील, व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. दूध संघातून निवृत्त झाल्यापासून ते पेपर जाहिरातींसकट वाचतात. मी वाकले, तसे "राहू दे, राहू दे" म्हणत त्यांनी मला उठवलं आणि पेपराच्या पानानं आतल्या खोलीकडे दाखवलं. "जेवायला बसलीय."

आतल्या खोलीत लोखंडी कपाट आहे, त्याच्या दाराला उभा आरसा. आई आरशासमोर ताट धरून उभी होती. ताटात वरणभात, तुपाची धार, मेथीची भाजी, लिंबाची फोड. आरशात माझी ती पाटावर पाय पसरून बसली होती. तिच्यासमोर एक ताट हवेत तरंगत होतं. ती त्यातून सावकाश जेवत होती.

मी दारातच थांबले. ताट दिसत होतं, ताट धरणारी दिसत नव्हती. आरशात आईच नव्हती.

मी त्या घरात चोवीस वर्षं राहिले होते. आई रोज सकाळी कुंकू लावून अण्णांसमोर उभी राहायची आणि विचारायची, "बरोबर?" अण्णा चष्मा वर करून म्हणायचे, "थोडं उजवीकडे." मला वाटायचं, हा त्यांचा दोघांचा खेळ आहे. लग्नकार्यात आरशापुढे बायकांची गर्दी व्हायची, तेव्हा आई स्वयंपाकघरात असायची. मी कधी तिला आरशात शोधलंच नव्हतं. आईला कोण आरशात शोधतं?

"आई, तुझी कुठाय?"

आईनं ताट खाली ठेवलं. पदराला हात पुसले.

"अकोल्याला," ती म्हणाली. अकोले आईचं माहेर, इथून तासाभरावर. "तुझ्या वेळी गेली. मीही जाणार होते मागून, पण सासूबाई आजारी पडल्या, मग तू इथंच झालीस. ती तिकडं वाट बघत राहिली. आधी वेळ मिळाला नाही. मग लाज वाटायला लागली. तोंड असं झालं होतं, वांग, केस सगळे गळलेले. म्हटलं, हे कुठं जाऊन बघायचं? गेलं ते गेलं."

हे तिनं दूध नासल्याचं सांगावं तसं सांगितलं. मला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. मी तिचा हात धरला.

मग मी माझ्या आरशातलीकडे वळले. ती माझ्यापेक्षा गुटगुटीत झाली होती. केसांना तेल, वेणीत अबोली, पायाखाली उशी. माझ्याकडे तिनं पाहिलं ते रागानं नाही, पण गावच्या माणसानं शहरातल्या नातेवाइकाकडे पाहावं तसं.

"चल घरी," मी म्हटलं.

तिनं नाही अशी मान हलवली. मी नव्हती हलवली. मग तिनं उठून पदर पुढे पसरला आणि तशीच उभी राहिली.

"बरोबर आहे तिचं," आई म्हणाली. "ओटी भरल्याशिवाय माहेरवाशीण निघेल कशी?"

देवघरातला नारळ आला, तांदूळ आले, आईनं ट्रंकेतून हिरवा खण काढला. मला आरशासमोर उभं केलं. मी पदर पसरला. आईनं मला हळदकुंकू लावलं आणि माझ्या ओटीत नारळ, खण आणि ओंजळभर तांदूळ घातले. आरशात हळदकुंकू आपोआप उमटलं. नारळ कुठूनसा आला आणि तिच्या पदरात पडला. तांदूळ वरून सांडले. तिनं क्षणभर वाट पाहिली, इकडेतिकडे पाहिलं, आणि नारळ काढून पाटावर ठेवून दिला. ज्या ओटीमागे हात नाही ती ओटी तिला चालली नाही.

"शेजारच्या काकूंना बोलावू?" मी विचारलं. "त्या आरशात असतील."

"आई जिवंत असताना पहिली ओटी शेजारणीच्या हातची?" आई म्हणाली. तिचा आवाज थोडा चिडका झाला होता. माझ्यावर नाही, स्वतःवर.

नववा लागायला फार दिवस नव्हते. ओटीशिवाय माझी ती हलणार नव्हती, आईच्या आरशातल्या हातांशिवाय ओटी होणार नव्हती, आणि ते हात अकोल्याला होते. आम्ही दोघी पलंगावर बसून राहिलो. आरशातली पाटावर बसून राहिली.

अण्णा दारात येऊन उभे होते. कधी आले ते कळलं नाही.

"अकोल्याला जाऊन या," ते म्हणाले. "आरसा बिडव्यांच्या सलूनमध्ये आहे. तुझ्या भावानं घर मोडलं तेव्हा बिडव्यांनी घेतला."

आईनं वर पाहिलं. "तुम्हाला काय माहीत?"

"मी कटिंगला तिथंच जातो ना."

हे आमच्या घरातलं जुनं कोडं होतं. संगमनेरात गल्लोगल्ली सलून असताना अण्णा दर महिन्याला एस.टी.नं अकोल्याला कटिंगला जायचे. केस जवळजवळ संपले तरी जायचे. आम्ही त्यांना चिडवायचो, की सासुरवाडीचा हात लागल्याशिवाय यांचं डोकं हलकं होत नाही. ते हसायचे आणि पिशवी उचलायचे.

आई बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती.

"कशी आहे?" तिनं विचारलं.

"बरी आहे," अण्णा म्हणाले. आणि पेपर घेऊन परत व्हरांड्यात गेले.

सोमवारी आम्ही अकोल्याला गेलो. बिडव्यांचं सलून बाजारपेठेच्या टोकाला आहे. पुढच्या अंगाला दुकान, मागे घर. आत दोन खुर्च्या, त्यांच्यामागे एक बाक, आणि समोरच्या भिंतीवर माझ्या आजोळचा तो मोठा सागवानी चौकटीचा आरसा. सुदाम बिडवे एका गिऱ्हाइकाची दाढी करत होते. दुसरी खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर धुतलेला टॉवेल घडी करून ठेवला होता.

त्यांनी आईकडे पाहिलं, मग आरशाकडे, मग वस्तरा बाजूला ठेवला.

"या अक्का. लई दिस लावलेत," ते म्हणाले. "ती खुर्ची आम्ही कुनाला देत नाही. आरशातल्या अक्कांच्या म्होरं येती ना. पोरं सिनेमाचे फोटो लावायचं म्हनत व्हती, म्या नाही लावू दिले. बाईमानूस बसलंय म्हनलं." मग गिऱ्हाइकाला म्हणाले, "दादा, जरा भायेर बसा." तो माणूस अर्ध्या गालाला फेस घेऊन काही न विचारता बाहेर बाकावर जाऊन बसला. रोजचा असावा.

आई मात्र खाली फरशीकडे बघत होती. तिथे कुणाचे तरी कापलेले केस पडले होते.

"बघ ना," मी म्हटलं.

"थांब गं."

मी थांबले. मी आरशात पाहत होते. तिथे हिरव्या साडीतली एक तेवीस वर्षांची मुलगी बाकावर बसली होती, एक हात पाठीला लावून, दुसरा पोटावर. गालांवर वांग होते. केस विरळ होते आणि कपाळाजवळून मागे गेले होते. पाय सुजलेले. पोट एवढं मोठं की बाक लहान दिसत होता. मी बघतच राहिले, कारण ती इतकी सुंदर होती. तिच्या तोंडावर सगळं एकदम होतं, भीती, भूक, थकवा आणि कसलासा आनंद. आणि त्या पोटात मी होते.

आईनं मान वर केली.

ती किती वेळ पाहत होती मला सांगता येणार नाही. तिनं आधी पाय पाहिले, मग पोट, मग तोंड. आरशातल्या मुलीनंही तिला तसंच पाहिलं, खालपासून वरपर्यंत. बिडव्यांनी पंखा बंद केला, म्हणजे केस उडू नयेत.

"अगं," आई अगदी हळू म्हणाली, "मी चांगली होते गं."

मी तिच्याजवळ सरकले.

"मला वाटायचं सगळं गेलं. हे बघ की. कुठं गेलंय काही?" ती माझ्याकडे वळली. "आणि मी तुला म्हणत राहिले, हीच घेऊन आली म्हणून. सगळ्यांसमोर. पोरीला असं म्हणतं का कुणी?"

तिचे डोळे भरले होते. माझेही. मी तिला म्हणाले की मला वाईट वाटायचं. इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदाच बोलले. ती म्हणाली, "वाटणारच." मग तिनं माझ्या पोटावर हात ठेवला आणि तिथल्या माणसालाही काहीतरी सांगितलं, ते त्यांच्यातलं आहे.

आता ओटी. नारळ, तांदूळ, खण आम्ही घरून आणले होते आणि इथेच आमची चूक झाली. आईची ओटी भरायला मी पुढे झाले, पण आरशात मी नव्हते. मी तर संगमनेरला कपाटात होते. पुन्हा नारळ बिनहाताचा जाणार, आणि आरशातल्या त्या मुलीनं इतकी वर्षं वाट पाहिली होती, तिच्याशी असं वागणं बरं नव्हतं.

"आमच्या मंडळींना बोलावू का?" बिडवे म्हणाले. "ती असती आरशात. रोज चार डाव येऊन बघून जाती."

आईची आई आता या जगात नव्हती, त्यामुळे दुसरीच्या हातची ओटी चालण्यासारखी होती. बिडव्यांच्या पत्नी इंदूबाई हात पुसत मागच्या दारानं आल्या. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी आईला रिकाम्या खुर्चीवर बसवलं, खुर्चीची उंची खाली केली, हळदकुंकू लावलं. चौपन्न वर्षांच्या माझ्या आईनं सलूनच्या खुर्चीत पदर पसरला. इंदूबाईंनी ओटी भरली. आरशात आरशातल्या इंदूबाईंनी त्या मुलीची ओटी भरली आणि तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

"चल घरी," आई तिला म्हणाली.

मुलगी उठली. पोट सांभाळत चार पावलं चालली आणि खुर्चीतल्या आईसमोर येऊन बसली. आईनं पदर नीट केला. तिनंही केला. बाहेर बाकावरच्या माणसाच्या गालावरचा फेस वाळला होता, म्हणून आम्ही फार वेळ न काढता निघालो.

परतीच्या बसमध्ये आईला मी खिडकीशी बसवलं. काचेत ती मुलगी होती. अकोल्यातून बस बाहेर पडली तशी ती थोडी थोडी वयानं वाढत गेली. इतक्या वर्षांचं अंतर तिला संगमनेरपर्यंत भरून काढायचं होतं. कळसच्या थांब्याला बस थांबली तेव्हा तिचं पोट उतरलं होतं आणि मांडीवर एक सावळं बाळ होतं, मूठ तोंडात घातलेलं.

"ही तू," आई काचेवर बोट ठेवून म्हणाली. "बघ, कशी टकामका बघतेय."

बस सुटली. पुढच्या थांब्याला बाळाला दोन वेण्या आल्या. त्याच्या पुढच्या थांब्याला ते मांडीवरून उतरून गेलं. कुठे गेलं ते मला माहीत होतं. आईचे केस कानाजवळ पांढरे व्हायला लागले, हनुवटीखाली वळी आली. ती एकेक गोष्ट आल्यावर मान हलवून घेत होती, घरी आलेलं सामान यादीशिवाय उतरवून घ्यावं तशी. संगमनेर स्टँड आलं तेव्हा काचेत आई होती.

घरी गेल्यावर आधी चहा झाला. मग आई माझ्यासह कपाटासमोर उभी राहिली. आरशात दोघी दिसल्या. माझी ती पदर पसरून तयारच होती. आईनं माझी ओटी भरली, आरशातल्या आईनं तिची. या वेळी नारळामागे हात होता, हातात हिरव्या बांगड्या होत्या. तिनं नारळ दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

"आता तू बघ तिच्याकडं," आई मला म्हणाली. "नीट बघ. तिला न्यायची आहे ना?"

मी पाहिलं. पायापासून सुरुवात केली, कारण तिथून सोपं होतं. घोटे नव्हतेच. पोटावरची साडी एका बाजूला उचलली गेली होती, तिथे आतून कुणीतरी पाय टेकवला होता. मान काळी होती. गालांवर वांग होते, अकोल्याच्या त्या मुलीला होते तिथेच, डावीकडे थोडे जास्त. सगळं जिथल्या तिथे होतं. मी वरपर्यंत गेले आणि तिच्या डोळ्यांत पाहिलं, तेव्हा ती रडत होती. मग कळलं की मी रडतेय.

मंगळवारी सकाळी मी उठले तेव्हा आई आरशासमोर उभी राहून कुंकू लावत होती. स्वतः बघून, अगदी मधोमध. मग ती व्हरांड्यात गेली, अण्णांसमोर उभी राहिली.

"बरोबर?"

अण्णांनी चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं.

"थोडं उजवीकडे," ते म्हणाले.

आईनं कुंकू पुसून थोडं उजवीकडे लावलं. वाकडं दिसत होतं. ते तिनं दिवसभर तसंच ठेवलं.

निघताना ती म्हणाली, "नववा लागायच्या आत परत ये. दोघी मिळून या आता, एकटीला पुढं पाठवू नको." मी हो म्हटलं. तुषारला फोन करून सांगितलं, रजा काढून बाळंतपणाला संगमनेरलाच येते. तो म्हणाला, छान. या वेळी तो शब्द बरोबर होता.

नाशिकला पोचेपर्यंत दुपार टळली. बाथरूममध्ये गेले. ती माझ्या आधी पोचली होती, पिशवी पायाशी ठेवून उभी होती, प्रवासानं दमलेली. मी तोंड धुतलं, तिनंही धुतलं. खुंटीवर टॉवेल होता, त्यानं तोंड पुसलं आणि तो परत खुंटीवर टांगला.

आईचा फोन आला.

"पोचलीस का?"

"पोचलो दोघी."

"बरी आहे ना ती? जेवली का काही?"

"आत्ताच आलोय, आई."

"तिला दे जरा," आई म्हणाली.

मी फोन आरशाला टेकवून धरला. आई बराच वेळ बोलत होती. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. आरशातली मान खाली घालून ऐकत राहिली, पोटावर एक हात ठेवून. मग ती लाजली.

माझे गाल गरम झाले होते.